दोन नावांची एकच बाई

आमच्या घराला तीन वर्षं भिंती होत्या, पण छत नव्हतं. जळगावात असोद्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत सहाशे फुटांचा एक प्लॉट आम्ही कसाबसा घेतला होता. माझा नवरा गवंडी. आठवडाभर दुसऱ्यांची घरं बांधायचा आणि सुट्टीच्या दिवशी आपल्या घराचे दोन-चार थर चढवायचा. मी विटा हातात द्यायची, मुलगी पाणी मारायची. असं करत करत भिंती दारं-खिडक्यांवरच्या लिंटलच्या वर गेल्या आणि तिथे पैसे संपले. स्लॅबसाठी एकदम रक्कम लागते, ती थोडी थोडी करून टाकता येत नाही. मग आम्ही भाड्याच्या खोलीतच राहिलो. आमच्या घरात शेजारणी वाळवणं घालायला लागल्या. ऊन छान यायचं ना.

मी एका खाजगी दवाखान्यात कपड्यांच्या खोलीत कामाला आहे. वॉर्डातल्या चादरी, ऑपरेशनचे हिरवे झगे मोजून घ्यायचे, धुवायला पाठवायचे, घडी करून परत द्यायचे. पगार वेळेवर होतो, फार नाही. घरभाडं, मुलीचं कॉलेज, किराणा एवढं जाऊन उरायचं त्यातून चाळीस हजार साठले होते. स्लॅबला नवऱ्याच्या हिशेबाने दोन लाख लागणार होते, तेही त्याच्या जोडीदारांनी मजुरी कमी घेतली तर.

त्या वर्षी तो फार अस्वस्थ होता. "अजून एक पावसाळा भिंती उघड्या राहिल्या तर वरचे थर काढून परत बांधावे लागतील," म्हणाला. आणि एका रविवारी तो एका फायनान्सवाल्याला घरीच घेऊन आला.

माणूस गोड बोलणारा होता. त्याने चहा घेतला, भिंती बघायला आला, नवऱ्याच्या कामाचं कौतुक केलं. दोन लाख लगेच देतो म्हणाला. महिन्याला फक्त एक टक्का व्याज, तीन वर्षं मुदत, हप्ता साडेसात हजारांच्या थोडा वर. बँकेसारखे हेलपाटे नाहीत, आधार कार्ड आणि दोन सह्या झाल्या की झालं. नवऱ्याने पेन हातात घेतलंसुद्धा होतं.

मी म्हटलं, "दोन दिवस द्या. कागद वाचून बघते."

"ताई, वाचायला काय आहे त्यात? सगळीकडे हेच असतं."

"असू द्या. तरी वाचते."

तो गेल्यावर नवऱ्याने कप आपटला. त्याला राग आला होता तो माझ्यावर नाही, हे मला कळत होतं. दुसऱ्यांच्या छपरावर उभं राहून आयुष्य गेलेल्या माणसाला स्वतःच्या घराचं छप्पर टाकता येत नव्हतं. ते त्याला आत कुठेतरी लागत होतं.

दवाखान्याच्या फाटकासमोर एक झेरॉक्सचं दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंना आम्ही सगळ्याजणी आपा म्हणतो. पलीकडच्या टेबलावर त्यांचे मियाँ वह्या-पुस्तकांचं बाइंडिंग करतात आणि आपा झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, दाखले हे सगळं बघतात. झेरॉक्सला दिलेला प्रत्येक कागद त्या वाचतात. कोणी चिडलं तर म्हणतात, "आंधळेपणाने मशीन चालते, मी नाही."

मी त्यांना फायनान्सचा कागद दिला. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि कॅल्क्युलेटर ओढला.

"हे बघ. पहिल्या महिन्यात तुझ्याकडे त्यांचे दोन लाख आहेत, व्याज दोन हजार. ठीक. दोन वर्षं हप्ते भरलेस, कर्ज पाऊण लाखाच्याही खाली आलं. तरी व्याज दोन हजार. शेवटच्या महिन्यात तुझ्याकडे साडेपाच हजार राहिले असतील, त्यावरही व्याज दोन हजारच. फेडलेल्या पैशांवरही तू व्याज देत बसणार. म्हणून एक टक्का दिसायला स्वस्त दिसतं."

मग त्यांनी खालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. फाइल चार्ज आणि विमा असे नऊ हजार आधीच कापणार होते. म्हणजे हातात एक लाख एक्क्याण्णव हजार येणार आणि परत करायचे दोन लाख बहात्तर हजार.

मी तिथल्या स्टुलावर बसले. पेन नवऱ्याच्या हातात होतं ते आठवलं.

आपांनी विचारलं, "तुझा पीएफ कापतात ना? तो कधी बघितलास का?"

पगाराच्या चिठ्ठीवर ती अक्षरं मी दर महिन्याला बघत होते. तो पैसा निवृत्तीनंतर मिळतो, तोवर आपला नाही, असंच मी धरून चालले होते. आपांनी माझ्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला आणि पासबुक उघडलं. साडेसहा वर्षांच्या नोकरीचे, मालकाचा वाटा धरून, एक लाख अडतीस हजार होते. मी आकडा दोनदा वाचला. घर बांधायला यातले पैसे काढता येतात, ते कर्ज नसतं, परत करायचे नसतात, हेही मला त्या दिवशी कळलं.

"याच्या आधी कुठे होतीस?" आपांनी विचारलं.

"चटईच्या कारखान्यात तीन वर्षं. आणि लग्नाच्या आधी धुळ्याला सूतगिरणीत चार वर्षं."

"तिथे कापत होते?"

कापत होते. ते पैसे मी कधी काढले नव्हते. चटई कारखाना सोडला तेव्हा मुलगी लहान होती, आणि सूतगिरणी सोडली तेव्हा अंगावर हळद होती. पीएफ कोणाला आठवतो?

चटईचं सोपं निघालं. कारखाना अजून एमआयडीसीत चालू आहे. एका दिवसाची रजा टाकून तिथल्या ऑफिसात गेले, त्यांनी जुना नंबर शोधून दिला. अडलं ते सूतगिरणीचं. गिरणी बंद पडून किती वर्षं झालेली. माझ्याकडे चिठ्ठी नाही, नंबर नाही, काही नाही. शिवाय तिथे माझं नाव वेगळं होतं. आमच्याकडे लग्नात मुलीचं नुसतं आडनाव नाही, पहिलं नावही बदलायची पद्धत होती. म्हणजे गिरणीच्या कागदावरची मुलगी आणि आधार कार्डावरची मी, या दोन वेगळ्याच बाया होत्या.

दवाखान्यातल्या दोघी-तिघी म्हणाल्या, "सोड ते जुनं. आहे ते सगळं काढून घे, पीएफसोबत साठलेले पेन्शनचे पण काढ आणि मोकळी हो."

आपांनी मात्र जोरात मान हलवली. "पेन्शनच्या पैशाला हात लावू नकोस. सगळ्या नोकऱ्या मिळून दहा वर्षं भरली तर अठ्ठावन्नव्या वर्षापासून दर महिन्याला पेन्शन लागते. आत्ताची साडेसहा आणि चटईची तीन, साडेनऊ झाली. धुळ्याची चार जोड."

दहाला अर्धं वर्ष कमी पडत होतं, आणि खाजगी नोकरीचा काय भरवसा. म्हणजे गिरणीचं खातं शोधणं हे नुसतं स्लॅबपुरतं राहिलं नाही.

मला आमचे टाइमकीपर आठवले. गिरणीच्या गेटवर हजेरी घेणारे. सगळे त्यांना नाना म्हणायचे आणि सगळे त्यांना घाबरायचे. मी सूत कोनवर गुंडाळायच्या खात्यात होते. एकदा तीन मिनिटं उशीर झाला म्हणून त्यांनी माझा अर्धा दिवस कापला होता. मी रडले होते, तरी त्यांनी वहीतून डोकं वर काढलं नव्हतं. धुळ्याच्या भावाला मी फोन केला. त्याने चौकशी करून सांगितलं, नाना हयात आहेत, आपल्या गावी सोनगीरला असतात.

नवरा म्हणाला, "मी येतो बरोबर." त्याचा एका दिवसाचा रोज बुडणार होता, पण तो आला. जळगाव ते धुळे एक बस, तिथून सोनगीरला दुसरी. गावात किल्ल्याच्या बाजूला उतरलो तर तांब्याची भांडी ठोकायचा आवाज येत होता. विचारत विचारत नानांच्या दारात पोचलो. नाना ओट्यावर बसले होते. अंगाने अगदी वाळलेले, पण शर्टाची सगळी बटणं लावलेली, गेटवर असायची तशीच.

"कोन व माय तू?" त्यांनी विचारलं.

मी माझं माहेरचं नाव सांगितलं, कोणत्या खात्यात होते ते सांगितलं. त्यांना ओळख लागेना. मग मीही आमच्या धुळ्याकडच्या बोलीवर आले. "नाना, तीन मिनिट उशीर व्हयना म्हणीसन तुम्ही मना अर्धा दिवस कापेल व्हता."

"मंग बरोबरच शे ना!" नाना म्हणाले, आणि त्यांना तेवढ्यानेच ओळख पटल्यासारखी झाली. नवरा हसू दाबत दुसरीकडे बघायला लागला.

मी कशाला आले ते सांगितलं. नाना उठले. भिंतीचा आधार घेत आत गेले आणि एक लांबडी वही घेऊन आले. तिला जुन्या धोतराच्या कापडाचं कव्हर शिवलेलं होतं.

"बठ्ठासना नंबर आठे शेतस," ते म्हणाले.

सगळ्यांचे नंबर. गिरणी बंद व्हायच्या शेवटच्या महिन्यात पगार बंद झाला होता, माणसं दुसऱ्या कामांना लागली होती. नाना मात्र रोज ऑफिसात जाऊन बसले आणि एकेका कामगाराचं नाव, खातं, लागल्याची तारीख आणि पीएफचा नंबर हाताने उतरवून काढला. कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "तुम्ही का केलं नाना एवढं?"

"मिल बंद व्हयनी, पन लोकेसना पैसा कोठे जास? कोनी तरी ईच, असं माले वाटे."

आणि लोक येत होते. काही नावांपुढे लाल पेनाने खूण होती, ती माणसं येऊन नंबर घेऊन गेली होती आणि त्यांना पैसेही मिळाले होते. काही खुणांशेजारी 'बायको आली', 'मुलगा आला' असं लिहिलं होतं. पण खुणा नसलेली पानंच जास्त होती.

नानांनी माझं पान काढलं आणि नाव मोठ्याने वाचलं. माझं पहिलं नाव, मग माझ्या वडिलांचं नाव, मग माहेरचं आडनाव. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्या नावाला जोडून त्यांचं नाव कोणी घेतलेलं मी लग्नानंतर ऐकलं नव्हतं. मी पदराने डोळे पुसले, आणि नवऱ्याने मोबाइलवर नंबराचा फोटो काढला, तीन वेळा, न हलवता.

निघताना मी नानांच्या पाया पडायला वाकले तर ते मागे सरकले. "तुनाच पैसा शे. मनं काय शे त्याम्हा?"

नंबर मिळाला, पण दोन बायांची एक बाई करायचं राहिलंच होतं. त्यासाठी लग्नाचा नोंदणी दाखला लागत होता, कारण त्याच्यावर लग्नाआधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही नावं असतात. आमचं लग्न धुळ्याच्या बुद्धविहारात झालं होतं, पाहुणे चारशे होते, पण नोंदणी करायची असते हे कोणाच्या डोक्यात नव्हतं. त्यामुळे वीस वर्षांनी आम्ही नवरा-बायको लग्नाची नोंदणी करायला पालिकेच्या ऑफिसात गेलो. तीन साक्षीदार हवे होते. माझा भाऊ, नवऱ्याचा एक जोडीदार, आणि तिसरी आमची मुलगी, कारण ती अठरा पूर्ण झालेली होती.

तिथल्या मॅडमनी मुलीला विचारलं, "या दोघांना कधीपासून ओळखतेस?"

"जन्मापासून," ती म्हणाली.

सगळं ऑफिस हसलं. मॅडमनी उशिराचा दंड लावला, पण शिक्का मारताना म्हणाल्या, "अभिनंदन हं." नवरा तर खरंच लाजला. बाहेर येऊन त्याने सगळ्यांना फालुदा खाऊ घातला आणि मी खर्चाचं काही बोलले नाही.

खाती जोडायच्या अर्जावर मालकाची सही लागते, बंद पडलेल्या गिरणीची ती कुठून आणणार? त्याऐवजी बँकेच्या मॅनेजरची सही चालते हे आपांनी शोधून काढलं. माझा पगार ज्या बँकेत जमा होतो तिथल्या मॅनेजरनी दोन दिवस फिरवलं, तिसऱ्या दिवशी सगळे मूळ कागद नीट बघून सही केली. अर्ज गेला आणि पंधरा दिवसांनी नामंजूर होऊन परत आला. जन्मतारीख जुळत नव्हती.

ते कारण वाचल्यावर मला एकदम आठवलं. गिरणीत लागताना अठरा पूर्ण व्हायला काही महिने कमी होते म्हणून वडिलांनी एक वर्ष वाढवून सांगितलं होतं. नवरा म्हणाला, "झालं. आता हे कसं सुटायचं?" मलाही त्या दिवशी वाटलं की सोडून द्यावं. फायनान्सवाल्याचे फोन चालूच होते. भरून आलेलं आभाळ बघितलं की भिंतींचे वरचे थर डोळ्यांपुढे यायचे.

पण दुसऱ्या दिवशी मी धुळ्याला माझ्या शाळेत गेले. शाळा सोडल्याचा दाखला अर्ध्या तासात मिळाला. एवढ्या सहज काही मिळेल याची सवयच गेली होती, म्हणून मी तिथल्या बाईंना दोनदा विचारलं, "एवढंच? अजून काही भरायचं नाही?" तो दाखला घेऊन पीएफच्या ऑफिसात स्वतः गेले. खिडकीपलीकडच्या क्लार्कनी चारही कागद एकाखाली एक ठेवले, शाळेचा, लग्नाचा, आधार आणि बँकेची सही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे या दोघी तुम्हीच."

"हो साहेब, मीच."

"मग ठीक आहे. परत टाका अर्ज, या वेळी अडणार नाही."

अडला नाही. मेसेज आला तेव्हा मी हिरव्या झग्यांची मोजणी करत होते. तिन्ही खाती एक झाली होती. गिरणीचे, जे मी विसरूनच गेले होते, ते व्याजाने वाढत वाढत एकोणऐंशी हजार झाले होते. चटईचे चोपन्न हजार. सगळे मिळून दोन लाख एकाहत्तर हजार. मी झगे मोजायचं विसरले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसले.

आपांनी सांगितल्याप्रमाणे मी फक्त स्लॅबपुरते एक लाख साठ हजार काढले. बाकीचे आहेत तिथेच राहू दिले, आणि पेन्शनला हात लावला नाही. तिच्यासाठीची नोकरी आता साडेतेरा वर्षांची झाली होती. फायनान्सवाल्याला नवऱ्याने स्वतः फोन केला. "नको आम्हाला," एवढंच म्हणाला. फोन ठेवून त्याने इतका मोठा श्वास सोडला की मुलीने आतून विचारलं, "काय झालं?"

संध्याकाळी मी नानांनाही फोन लावला. त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. "भेटनात का?" एवढंच त्यांनी तीन वेळा विचारलं. पैसे भेटले म्हटल्यावर फोन तसाच चालू ठेवून ते आत गेले. मला पानं उलटल्याचा आवाज ऐकू आला.

स्लॅबच्या दिवशी नवऱ्याचे चौदा जोडीदार आले होते. मिक्सर आला, लिफ्ट आली. ज्याने शेकडो स्लॅब टाकले तो माझा नवरा सकाळपासून सैरभैर झाला होता. सळ्यांवरून चालत चालत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासत होता. शेवटी त्याच्या एका जोडीदाराने त्याला खाली पाठवलं, "तू आज मालक शेस, सावलीम्हा बैस." तो बसला नाही. मी आणि शेजारणींनी वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी केली होती. दुपारी तीनला शेवटचं घमेलं वर गेलं आणि चारला पाऊस आला, बेताचा. आम्ही सगळे खालीच, आमच्याच घरात उभे होतो. सेंटरिंगच्या फळ्यांमधून थोडं गळलं, पण डोक्यावर काहीतरी होतं. नवरा मान वर करून बघत राहिला.

दीड महिन्याने बुद्धवंदना घेऊन आम्ही राहायला गेलो. फरशी नव्हती, रंग नव्हता. ते हळूहळू होईल. भाड्याचे साडेतीन हजार वाचायला लागले तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "हे आपल्या हातात आलेच नाहीत असं समजायचं." त्याचा पीएफ नाही, रोजंदारीवाल्याचा कुठून असणार. म्हणून आम्ही पोस्टात त्याच्या नावाने दर महिन्याला पैसे भरायचं खातं उघडायला गेलो. फॉर्मवर वारसाचं नाव लिहायची जागा होती. त्याने मला विचारलं, "तुझं कोणतं नाव लिहू?"

"आधारवरचं," मी म्हटलं. "आणि स्पेलिंग बघून लिहा."

त्याने माझं आधार कार्ड मागून घेतलं, फॉर्मशेजारी ठेवलं आणि एकेक अक्षर पडताळून लिहिलं. मागे रांग वाढत होती. खिडकीतल्या बाईंनी घाई केली नाही. पासबुक हातात आल्यावर तो पोस्टाच्या पायरीवर थांबला, पहिलं पान उघडलं आणि स्वतःचं नाव वाचून बघितलं. ते बरोबर होतं.